वेब्ली मार्क सहा घेतलाय, खुणा वाचायला मदत हवी (इंग्रजांचे जुने सर्व्हिस रिव्हॉल्व्हर)

मिडलँड्सचा_मावळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

इकडे इंग्लंडात मिडलँड्समध्ये अधूनमधून जुन्या लष्करी वस्तूंची जत्रा भरते. तलवारी, बिल्ले, हेल्मेटं, रेजिमेंटची बटणं, काय वाट्टेल ते टेबलावर मांडून म्हातारे बसलेले असतात, अर्ध्यांना विकायचं कमी आणि बोलायचं जास्त असतं. मी आजवर बिल्लेच घेत होतो, मराठा लाइट इन्फंट्रीचे मिळाले तर सोडत नाही. यावेळी एका टेबलावर वेब्ली मार्क सहा दिसला, .455 चा, सहा इंची नळी, डीअ‍ॅक्टिव्हेट केलेला (म्हणजे कायमचा निकामी), सर्टिफिकेटसकट. हातात घेतला आणि पहिला विचार आला की हे कमरेला लावून माणूस चालायचा कसा, रिकामाच किलोच्या वर भरतो. घेतला. किंमत सांगत नाही कारण घरातलं माणूस हा धागा वाचतं.

आता खरा मुद्दा. उजव्या बाजूला फ्रेमवर वेब्ली पेटंट्स आणि खाली 1917 आहे. वरच्या पट्टीवर मार्क सहाचा ठसा. बाण ठिकठिकाणी आहेतच. पण एका जागी बाणाच्या खाली इंग्रजी आय हे अक्षर आहे, आणि दुसरीकडे दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर. फ्रेमचा आणि नळीचा नंबर जुळतोय पण सिलिंडरचा वेगळाच आहे. विकणारा म्हणाला आय म्हणजे इंडिया. खरंय का? की गिऱ्हाईक आपल्याकडचं दिसतंय म्हणून थाप मारली? आणि सिलिंडर वेगळा म्हणजे मी फसलो का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. फोटो संध्याकाळी टाकतो.

कॅलगरीकर

अभिनंदन! फसला बिसला नाहीत, विकणारा खरं बोलला. बाण म्हणजे सरकारी मालाची खूण हे तुम्हाला माहितीच असेल, आणि बाणाखाली आय म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या मालकीचा माल. लष्करी रायफलींवर पण हीच खूण सापडते. कॅनडाचा असेल तर इंग्रजी सी च्या पोटात बाण असतो, दक्षिण आफ्रिकेचा यू च्या पोटात, ऑस्ट्रेलियाचा दोन डी च्या मधे बाण. समोरासमोर दोन बाण म्हणजे सरकारने नग सेवेतून काढून विकला. म्हणजे तुमचा नग बर्मिंगहॅमला तयार झाला, हिंदुस्थानच्या खात्यावर चढला, कधीतरी निकाली निघाला आणि फिरून परत त्याच मिडलँड्समध्ये तुमच्याकडे आला. एका बाजूच्या चार ठशांत एवढं कळतं, म्हणून मी नेहमी म्हणतो की रिव्हॉल्व्हर बघायच्या आधी भिंग घ्या.

थोडं मार्कांबद्दल, कारण नवीन लोक गोंधळतात. वेब्ली लष्करात आला तो 1887 साली, मार्क एक, चार इंची नळी. त्याआधी 1880 पासून सरकारी एन्फिल्ड होता .476 चा, तो उघडला की नळी आणि सिलिंडर पुढे सरकायचे आणि रिकामी काडतुसं पडायला पाहिजेत अशी कल्पना होती, पडायची नाहीत नीट. वेब्लीत ती कटकट नाही. अंगठ्याने खिट्टी दाबली, नळी खाली वाकली की सिलिंडरमधला तारा (काडतुसं ढकलणारा भाग) वर येतो आणि सहाच्या सहा एकदम बाहेर. घोड्यावर बसलेल्या माणसाला एका हाताने जवळजवळ सगळं जमायचं. मग मार्क दोन, तीन, चार (चारला बोअर युद्धाचं मॉडेल म्हणतात, 1899 चा), 1913 ला मार्क पाच, आणि मे 1915 ला तुमचा मार्क सहा. पाचपर्यंत मूठ पक्ष्याच्या चोचीसारखी खाली वळलेली, सहाला चौकोनी आणि मोठी. लांबून मूठ बघूनच सांगता येतं.

माझ्याकडे मार्क दोन आहे. कॅनडात 1898 च्या आधी बनलेली हँडगन ठराविक कॅलिबर सोडून अँटिक धरतात, आणि त्या सोडलेल्या यादीत .455 नाही. त्यामुळे तो चालू स्थितीत आहे, वेल्डिंग नाही, लायसन नाही, आणि 2022 ला इथे हँडगनची खरेदी-विक्री गोठवली त्याचाही त्याला धक्का लागला नाही. तुमचा 1917 चा नग मात्र इथे आणला तर साधी हँडगन, सगळे नियम लागू. एकोणीस वर्षांचा फरक फक्त. यातलं लॉजिक विचारू नका.

गप्पिष्ट

वाचतोय. भारी माहिती कॅलगरीकर. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_पुणेकर

ज्या हत्याराने आपल्याच लोकांवर गोळ्या झाडल्या ते शोकेसमध्ये मांडायचं आणि वर अभिनंदन. धन्य आहे. उद्या जनरल डायरचा फोटो पण लावा भिंतीवर. कान्हेरेंनी याच रिव्हॉल्व्हरने जॅक्सनला उडवला असता तर मी पण घेतला असता.

मिडलँड्सचा_मावळा

@खडूस, मत मान्य, पण आय खूण असलेला नग फक्त गोऱ्यांच्या कमरेला होता असं कशाला धरायचं? पहिल्या महायुद्धात 103 मराठा, 110 मराठा, 117 मराठा या पलटणी मेसोपोटेमियात होत्या, कूटच्या वेढ्यात त्यातले किती उपाशी मेले. हा नग तिकडे होता असं मी म्हणत नाहीये, तसा एकही पुरावा त्यावर नाही. पण ते युद्ध आपलं पण होतं, आवडो न आवडो.

तोफखाना

अनंत कान्हेरेंनी 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात जॅक्सनला मारलं ते ब्राउनिंग पिस्तुलाने. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर 20 ब्राउनिंग पाठवली होती त्यातलं. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर वेगळं, रिव्हॉल्व्हरला फिरणारं सिलिंडर असतं. क्रांतिकारकांना पिस्तूल बरं पडायचं, चपटं असतं, कोटात लपतं. मार्क सहा कोटात घातला तर कोट एका बाजूला लोंबतो. उधमसिंगांनी मात्र 13 मार्च 1940 ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये पंजाबचा माजी गव्हर्नर ओडवायरला मारलं ते रिव्हॉल्व्हरनेच, स्मिथ अँड वेसन होता तो, लंडन पोलिसांच्या संग्रहात आहे अजून. तर खडूसशेठ, तुमच्या हिशोबाने निदान एक रिव्हॉल्व्हर शोकेसमध्ये ठेवण्यालायक निघाला.

मी ईएमईमधून (लष्कराचं दुरुस्ती खातं) रिटायर झालेला आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. आमच्या सुरुवातीच्या काळात .38 चे एन्फिल्ड नंबर दोन युनिटात होते, ते मी खोललेत, जोडलेत, शिव्या दिल्यात. त्यामुळे सिलिंडरच्या प्रश्नावर बोलतो. संग्राहक लोक नंबर जुळले नाहीत की नाक मुरडतात. वर्कशॉपमध्ये कसं असतं ते सांगतो. इन्स्पेक्शन आलं की टेबलावर चटई टाकून सगळे नग उघडायचे, सिलिंडर काढून एका ट्रेमध्ये केरोसिनमध्ये बुडवायचे, पोरं ब्रश मारत बसायची. आता जोडताना प्रत्येक जण नंबर बघूनच जोडेल असा शिस्तीचा माणूस असला तर उत्तम, नाहीतर जो बसला तो बसवला. शिवाय सिलिंडर झिजला, मागच्या दात्यांची धार गेली की स्टोअरमधला दुसरा टाकायचा. तीस-चाळीस वर्षं सेवेत राहिलेल्या नगाचे सगळे नंबर जुळत असतील तर मला उलट संशय येतो की हा कपाटातच पडून होता.

एक विचारतो, घोड्याच्या (हॅमरच्या) मागे फ्रेमच्या पाठीवर काही कोरलंय का? पूर्वी पलटणीचं नाव आणि नगाचा क्रमांक तिथे ठोकायचे. घासलेला असला तरी उन्हात तिरका धरला की दिसतो.

खडूस_पुणेकर

पिस्तूल काय रिव्हॉल्व्हर काय, गोळी सुटल्याशी मतलब. पण माहितीबद्दल धन्यवाद काका.

टेक्सासची_ताई

माझ्या नवऱ्याचा हा छंद आहे त्यामुळे घरात चार वेब्ली आहेत आणि मला नाइलाजाने सगळं पाठ झालंय 😄

इकडच्या मराठी लोकांनी कुणी घेणार असाल तर एकच सांगते, सिलिंडरची मागची बाजू बघा. युद्धानंतर वेब्ली ढिगाने अमेरिकेत आले, .455 ची काडतुसं इकडे मिळेनात, मग डीलर लोकांनी सिलिंडरची मागची कड तासून टाकली म्हणजे अर्धचंद्राच्या क्लिपमध्ये .45 ऑटोची गोळी बसते. बसते हो, पण .45 ऑटोचं नेहमीचं प्रेशर वेब्लीच्या प्रूफ टेस्टच्या लोडच्या जवळपास जातं. म्हणजे कारखान्यात एकदाच जो ताण देऊन तपासला तो ताण तुम्ही प्रत्येक गोळीला देणार, शंभर वर्षं जुन्या लोखंडाला. फुटलेल्या सिलिंडरचे फोटो बघितलेत मी. नवऱ्याकडे एक तासलेला आहे, तो फक्त भिंतीवर असतो. बाकीच्यांना फिओकीची .455 मिळते ती अधूनमधून चालवतो, आणि आवाज मोठा असला तरी धक्का वाटतो त्यापेक्षा कमी, गोळी जड आणि हळू असते ना.

न तासलेला सिलिंडर असेल तर किंमत चांगलीच वर जाते, हा आमचा सगळ्यात महाग धडा, म्हणजे नवऱ्याचा. आणि 1898 पर्यंतचा असेल तर फेडरल कायद्यात अँटिक, पोस्टाने घरपोच येऊ शकतो. मार्क सहा नाही बसत त्यात, तो जुन्या वस्तूंच्या वेगळ्या वर्गात जातो.

गप्पिष्ट

घरपोच रिव्हॉल्व्हर! आमच्याकडे कुरिअरवाला आंब्याची पेटी नीट देत नाही.

सुभेदारांचा_नातू

छान धागा. मी सातारा जिल्ह्यातला, गाव सांगत नाही. पणजोबा आणि आजोबा दोघंही पलटणीत, आजोबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे वेब्ली आहे, पण छोटा, .32 चा. लायसन आजोबांनंतर वडिलांच्या नावावर झालं होतं. वडील गेल्यावर्षी वारले, तेव्हापासून डीलरकडे जमा आहे, पावती आहे. आता प्रश्न दोन. एक म्हणजे याला अँटिक म्हणून सूट मिळते का, चुलते म्हणतात शंभर वर्षं जुनं झालं की लायसन लागत नाही. आणि दुसरा, संग्राहकांच्या दृष्टीने याची किंमत काय? कारण एक माणूस घरी आला होता, म्हणाला इंग्लंडमध्ये असले पडीक विकतात, मी तुम्हाला थोडेफार देतो.

कलम_बहाद्दर

नातूसाहेब, त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

आधी कायदा, व्यवसायाने वकील आहे. शंभर वर्षांची सूट वगैरे आपल्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये नाही. 1959 च्या कायद्यातलं कलम 45 बघा, त्यात जुन्या पद्धतीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं हत्यार सुटतं, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही चालवता येता कामा नये. तुमचा वेब्ली उद्या कुणी तेल घालून चालवू शकतो, म्हणून तो सुटत नाही. गंजून एकसंध गोळा झाला असता तर गोष्ट वेगळी. चुलते ज्या शंभर वर्षांचं बोलतायत तो 1972 चा पुराणवस्तू कायदा, आणि तो लायसन माफ करत नाही, उलट शंभरी ओलांडलेली वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. म्हणजे दोन्हीकडून अडकलात.

डीलरकडे जमा केलंत हे उत्तम केलंत, कलम 21 तेच सांगतं, ताबा कायदेशीर राहिला नाही की पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे. वारसाला लायसन मिळण्याची तरतूद 2016 च्या नियमांत आहे, मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची ना हरकत घेऊन अर्ज करा. भाऊ-बहिणी असतील तर त्यांच्याशी आधी बोला, माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत हत्यारापेक्षा भावकी जास्त उडते. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच हत्यारं, आधी तीन चालायची, तेवढं ध्यानात ठेवा.

किंमत. इथे गंमत आहे. इंग्लंड-अमेरिकेत .32 च्या वेब्लीला संग्राहक फारसं विचारत नाही, कारण तो लष्करी नाहीच, खिशातला किंवा पोलिसांचा. तिकडे मान .455 ला. आपल्याकडे बरोब्बर उलटं. .455 आणि .380 ही लष्करी काडतुसं ज्यात बसतात ती सगळी रिव्हॉल्व्हरं आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, लायसन केंद्रीय गृह मंत्रालयाकडूनच, सामान्य माणसाला मिळणं कठीणच, आणि त्यामुळे गिऱ्हाईकच नाही. .32 मात्र साध्या लायसनवर चालतो, आणि सामान्य माणसाला परदेशी हँडगन आयात करणं 1980 च्या दशकातच बंद झालं. त्यामुळे देशात जेवढे जुने विलायती .32 आहेत तेवढेच, नवीन येणार नाहीत, म्हणून भाव लाखांत बोलतात. तो माणूस हे सगळं ओळखून आला होता.

सुभेदारांचा_नातू

बापरे. चुलत्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवतो. बहिणीची ना हरकत मिळेल, चुलत्यांचं बघावं लागेल. खूप खूप धन्यवाद.

कॅलगरीकर

@कलम_बहाद्दर, प्रतिसाद आवडला. एकच नग, इथे मोकळा, तिथे वेल्ड केलेला, तुमच्याकडे बंदी. अवांतर, आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीचा .32 रिव्हॉल्व्हर उघडून बघितलाय का कुणी? तो वेब्लीच आहे, तशीच खिट्टी, तसाच मधून मोडतो. 2014 ला कानपूरहून निर्भीक आला तो पण त्याच घराण्यातला.

तोफखाना

बरोबर. एन्फिल्ड नंबर दोन पण त्याच घराण्यातला, आणि त्यावरून भांडण पण झालं होतं. पहिल्या युद्धानंतर सरकारला हलका रिव्हॉल्व्हर हवा होता, कारण .455 हातात धरून नेम धरायला शिकवायलाच फार वेळ जायचा. वेब्लीने .38 चा नमुना करून दिला, सरकारने तो ठेवून घेतला आणि एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात जवळपास तसाच बनवायला काढला. कंपनीने 2,250 पौंडांचा दावा लावला, तो फेटाळला, पण पुढे शोधकर्त्यांच्या बक्षिसाच्या रॉयल कमिशनने 1,250 पौंड दिले. मग दुसरं युद्ध लागलं तेव्हा रिव्हॉल्व्हर कमी पडले आणि सरकारने वेब्लीकडूनच वेब्लीचा .38 विकत घेतला. सरकारी खातं कुठलंही असो!

नंबर दोनचा घोडा बघा. 1938 पासून मार्क एक स्टार आला त्याला घोड्याचं बोट कापलेलं, कारण रणगाड्यातल्या लोकांच्या अडकायचं म्हणे. त्यामुळे मागे ओढून हळूच चाप दाबणं बंद, प्रत्येक गोळीला लांब आणि जड चाप. आमच्या रेंजवर पंचवीस यार्डांवर भले भले जवान कागदाच्या बाहेर जायचे. जुने मार्क एक पण नंतर बरेचसे बदलून टाकले, त्यामुळे बोटवाला मूळ घोडा असलेला एन्फिल्ड सापडला तर संग्राहकाची चंगळ. आणि युद्धाच्या घाईत दोन स्टारचा आला त्यात घोड्याचा सेफ्टी स्टॉपच गाळला, खाली पडला की उडायचा, मग परत बोलावून बसवावा लागला.

मिडलँड्सचा_मावळा

फोटो टाकलेत वर. काका, तुम्ही म्हणालात तसं खिडकीशी तिरका धरून बघितला, पाठीवर काहीतरी होतं पण घासून काढलंय, एक उभी रेघ आणि टिंब दिसतं फक्त. ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा थर) पण जरा जास्तच चकचकीत आहे आणि वेब्ली या अक्षरांच्या कडा गुळगुळीत झाल्यात. परत पॉलिश केलाय ना?

तोफखाना

हो, परत केलाय. अक्षरं खोलगट राहून कडा गोल झाल्या की समजायचं आधी चाकावर घासला मग रंगवला. मूळ ब्लूइंग असं आरशासारखं नसतं. पण कारखान्यात का बाजारात केला हे फोटोवरून सांगता येणार नाही.

कॅलगरीकर

फोटो झूम करून बघितले. इंग्रजी अक्षरं बघताना एन उलटा नाही ना हे मी आधी बघतो, सवयच लागलीय. खैबरच्या बाजूला दर्रा आदमखेलात जे हाताने बनवायचे ते ठसे पण हाताने कोरायचे, कारागिराला इंग्रजी येत नसायचं, मग एन उलटा, स्पेलिंग भलतंच, मुकुट वाकडा, आणि साल असं की ते मॉडेल निघायच्या आधीचं. कारागिरी बघून टोपी काढावी अशी असते पण लोखंड कुठल्या रेल्वेच्या रुळाचं असेल सांगता येत नाही. आय खुणेचे नग त्या बाजूलाच जास्त फिरले त्यामुळे नकलांमध्ये ती खूण पण येते. तुमचा तसा नाही. बर्मिंगहॅमचे प्रूफ मार्क (तपासणीचे ठसे) स्वच्छ आहेत, सिलिंडरवर पण प्रत्येक घरावर आहेत.

टेक्सासची_ताई

मावळा, बायोनेट विकायला कुणी आलं तर घेऊ नका. प्रिचर्डचं बायोनेट, मार्क सहाला पुढे लावायचं, खंदकातल्या लढाईसाठी एका कॅप्टनने काढलं आणि ग्रीनरने बनवलं. खरी फारच थोडी बनली, दोनशेच्या आसपास म्हणतात, आणि आमच्या एका जत्रेतच मी त्याच्यापेक्षा जास्त बघितली असतील.

मिडलँड्सचा_मावळा

हाहाहा, त्याच टेबलावर एक होतं आणि तो देत होता जोडीने! माझा विचार डळमळला होता पण पैसे संपले.

अजून एक, इथला कायदा पण सांगून ठेवतो, कुणी मराठी माणूस इकडे येऊन उत्साहात घेईल म्हणून. 1996 ला डनब्लेनच्या शाळेत ते भयंकर हत्याकांड झालं, त्यानंतर 1997 ला हँडगन जवळजवळ पूर्ण बंद. संग्राहकांना वाट उरली ती अँटिकची, म्हणजे यादीतल्या कालबाह्य कॅलिबरचे, नुसते शोभेला ठेवायचे, नाहीतर डीअ‍ॅक्टिव्हेटेड. .455 त्या यादीत नाही. 2021 ला नवीन नियम आले त्यात आधी यादीत असलेली सात कॅलिबरं पण काढली, कारण गुन्हेगार त्या जुन्या बंदुकांना काडतुसं घरी बनवून वापरत होते. डीअ‍ॅक्टिव्हेटेड घेताना प्रूफ हाउसचं (बंदुका तपासणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट आणि ते कुठल्या स्पेकचं, म्हणजे निकामी करायच्या कुठल्या नियमांचं आहे ते बघा. जुन्या स्पेकमध्ये घोडा, सिलिंडर हलायचे, लोकांना तेच आवडतं, पण ते आता पुन्हा नव्या स्पेकने बंद केल्याशिवाय विकता येत नाहीत. नव्या स्पेकमध्ये काहीच हलत नाही. माझा नव्या स्पेकचा, मोडून उघडत नाही याचं वाईट वाटतं, कॅलगरीकरांनी तारा वर येतो लिहिलंय ते वाचून तर फारच.

गप्पिष्ट

मग सुट्टीत येताना घेऊन या की, आम्ही पण बघू. हलत नाही तर खेळणंच झालं.

कलम_बहाद्दर

अजिबात आणू नका!! तिकडचं प्रूफ हाउसचं सर्टिफिकेट दाखवलं म्हणून मुंबई विमानतळावर कस्टम्स सोडेल हे डोक्यातून काढा. बॅगेच्या स्कॅनरवर वेब्ली मार्क सहा हा वेब्ली मार्क सहाच दिसतो. वर तो .455, म्हणजे प्रोहिबिटेड. सुट्टी कोठडीत आणि कोर्टात जाईल.

खडूस_पुणेकर

हे बरंय. म्हणजे आम्ही इथे फक्त तुमचे फोटो बघायचे.

तोफखाना

नाही हो, इथे पण संग्रह होतो, फक्त लोखंड सोडून. कातडी होल्स्टर, लॅन्यार्ड, काडतुसांचे पाउच, साफ करायचा गज, तेलाच्या डब्या, जुनी ट्रेनिंगची पुस्तकं. कानपूरच्या हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरीत युद्धाच्या वर्षांत ढीगभर चामडं शिवलं गेलं, आतल्या बाजूला साल आणि शिक्का असतो, झाकण उलटून बघायचं. पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा, मुंबईत चोरबाजार. मला एक होल्स्टर चपलांच्या ढिगाखाली मिळालंय, विकणाऱ्याला ते चाकूचं वाटत होतं. फक्त काडतूस घेऊ नका, पितळ छान दिसतं म्हणून लोक उचलतात, जिवंत काडतूस एक जरी सापडलं तरी वकीलसाहेबांचं काम वाढतं.

कलम_बहाद्दर

+१. माझी फी पण वाढते.

कॅलगरीकर

मुंबईवरून आठवलं. त्या काळी ऑफिसर लोकांना रिव्हॉल्व्हर स्वतःच्या पैशाने घ्यावा लागायचा, कुठल्याही कंपनीचा चालेल पण सरकारी काडतूस बसलं पाहिजे एवढीच अट. म्हणून ऑफिसरांचे खासगी नग वेगळेच असतात, बाण नसतो, त्याऐवजी दुकानाचं नाव कोरलेलं असतं. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचं नाव असलेले वेब्ली बरेच येतात बाजारात. त्यांचं दुकान मुंबईत पण होतं, काळा घोड्याला आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग अजून त्याच नावाने उभी आहे. खडूसशेठ, तिथे जाऊन बिल्डिंग बघायला लायसन लागत नाही.

असल्याच खासगी नगांत एक वेब्ली-फॉसबेरी असतो, तो दिसला तर सांगा, मी घर गहाण ठेवतो. गोळी सुटली की वरचा सगळा भाग मागे सरकतो आणि सिलिंडरवर नागमोडी खाचा असतात त्यातून खीळ फिरून सिलिंडर आपोआप पुढच्या घरावर येतो, घोडा पण चढतो. काढणारा जॉर्ज फॉसबेरी हिंदुस्थानातल्या फौजेचा ऑफिसर, 1863 ला वायव्य सरहद्दीवर अंबेलाच्या मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. लष्कराने कधी अधिकृत घेतला नाही तो, खंदकातला चिखल त्या खाचांत गेला की संपलं.

खडूस_पुणेकर

काळा घोड्याला शंभर वेळा गेलोय, आतमध्ये कपडे घेतलेत. हे माहिती नव्हतं. बरं मावळा, मुठीवर ते काळं काय आहे, प्लास्टिक?

मिडलँड्सचा_मावळा

व्हल्कनाइट. रबरासारखं कडक. माझ्या नगाची डावी बाजू तपकिरी पडलीय, उजवी काळी आहे. बदललीय की काय एक?

तोफखाना

बदललेली नसावी. व्हल्कनाइट उन्हात तपकिरी पडतं, नग वर्षानुवर्षं खिडकीजवळ उजव्या कुशीवर, डावी बाजू उजेडाकडे करून ठेवला असेल. काळं करायला बूट पॉलिश लावायचा मोह होईल, लावू नका, जाळीत पांढरं साठतं आणि निघत नाही. गरम पाण्यानेही धुऊ नका, आणखी फिकं होतं. कोरडं फडकं फिरवा आणि उन्हापासून लांब ठेवा. मुठीचा स्क्रू काढायचाच असेल तर खाचेत घट्ट बसणारा पाना घ्या, सैल घेतला तर खाच चावते आणि मग जत्रेत जो बघेल तो पहिल्यांदा स्क्रूच बघतो.

सुभेदारांचा_नातू

डीलरकडे जाऊन आलो. लायसनच्या जुन्या पुस्तिकेत आजोबांच्या नावाने नोंद आहे 1949 ची, आणि नंबर पावतीशी जुळतोय. फ्रेमवर वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम आणि मार्क चार असं काहीतरी होतं, बाण कुठेच नाही. डीलरने जास्त वेळ हातात धरू दिला नाही. वर नाव कोरलंय का ते बघायचं राहिलं, पुढच्या आठवड्यात अर्ज भरायला जाणार आहे तेव्हा काय काय बघू?

तोफखाना

बाण नाही म्हणजे सरकारी नव्हता, आजोबांनी दुकानातून घेतला. नळीच्या वरच्या पट्टीवर दुकानाचं नाव असतं का बघा. मग नळी उघडायला सांगा, उजेडाकडे धरून आत बघा खड्डे आहेत का. घोडा चढवून सिलिंडर बोटाने हलवून बघा, डावा-उजवा किती हलतो. डीलरलाच करू द्या, तुम्ही हात लावू नका. फोटो काढायची परवानगी मिळाली तर टाका इथे, फक्त नंबर आणि पावतीवरचं नाव झाकून.